निळीचे ठिपके

५ ऑगस्ट २०१२, रविवार. लातूर

आजपासून लिहायचं ठरवलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात साक्षरता वर्ग भरायचा. तिथल्या बाई म्हणायच्या, पारूबाई, हात चालू ठेवा, न्हाईतर अक्षरं निघून जातील. एकोणीस वर्षं झाली, मी सहीशिवाय काही लिहिलं न्हाई. आता बक्कळ वेळ हाय आणि कागूदबी फुकट हाय.

कागूद पंचीचा. पंची म्हणजे पंचशीला, माझ्या नागसेनची पोरगी, यंदा धाव्वीला. क्लासात दर रविवारी परीक्षा असती, आणि मागच्या रविवारचा पेपर तपासून परत मिळतो. वर तिचं नाव, नंबर, तारीख, दोन-चार ओळी, खाली सगळं कोरं करकरीत. वरचा एक कोपरा तेवढा ती फाडून टाकती. मी म्हणलं, एवढा कागूद वाया? तर म्हणली, "घे की आज्जी, उरलेलाच हाय." लई काटकसरी पोरगी. माझ्यावर गेली.

नागसेन हदगावला गुरुजी हाय, सून तिथंच दवाखान्यात नर्स. पोरीला लातूरला घातलं की नंबर येतो असं सगळा मराठवाडा म्हणतो, म्हणून आम्ही दोघी इथं खोली करून राहिलो. आमच्या गल्लीत सात खोल्या आणि सात आज्ज्या. नातवंडं क्लासात, आज्ज्या स्टोपाशी.

आज पंचीनं हसवून हसवून मारलं. परीक्षेला निघायच्या आधी चहा पीत होती. म्हणली, "आज्जी, गणिताचे सर फळा हातानं पुसतात अन् तोच हात मिशीवर फिरवतात. तास सुरू होताना मिशी काळी, घंटा होताना पांढरी. एका तासात सर रिटायर." आणि सरांची नक्कल करत काठी टेकत दारातून बाहेर गेली. मी लुगडी निळीत बुडवत होते. हसता हसता भिंतीला हात टेकला तर कॅलेंडरवर आजच्या तारखेला निळं बोट उमटलं. म्हणलं, हे झकास झालं. ज्या दिवशी पोरगी पोट दुखेपर्यंत हसवंल त्या दिवशी निळीचा ठिपका.

हे लिहिलेलं पंची वाचणार न्हाई. म्हणती, "तुझं अक्षर मला लागत न्हाई."

९ ऑगस्ट

चार दिवस ठिपका न्हाई. पोरगी अभ्यासात गर्क असंल.

एक मजा सांगते. मीच धाव्वीला बसल्यागत झालंय! पंची म्हणती, "आज्जी, तू मोठ्यानं वाच, तुझी परीक्षा घेते." मग मी विज्ञानाचं पुस्तक घेते, ओळीखाली बोट धरते आणि वाचते. एकेक शब्द चण्यासारखा फोडावा लागतो. ती भाजी निवडत ऐकती. पान संपलं की मलाच सगळं परत सांगती, तेही न अडखळता. मी म्हणते, अगं तुला तर सगळं येतं, मग मला कशाला कष्ट? तर म्हणती, "तुझी तालीम व्हायलीय की." आजी शिकावी म्हणून स्वतःचा टाइम घालवती. कुठं मिळतं असलं लेकरू?

आरसा गोल असला की त्याला नाभी असती म्हणे. मला ठाऊकच नव्हतं.

२६ ऑगस्ट, रविवार

आज दोन ठिपके! शेजारच्या खोलीतल्या चंद्रप्रभाबाई साक्षीला हायत. त्या नांदेडच्या, मालक कॉलेजात शिकवायचे. नातू मिहिर बारावीला, दिवसभर कानात बोळे घालून वाचतो. नात उर्वी नववीला. दोघं घरात असून घर मुकं. म्हणून त्या आमच्याकडं बसायला येतात.

पंची बूट घालता घालता म्हणली, "आज्जी, तुमच्या टायमाला राशनच्या दुकानापुढं बाया कशा उभ्या राहायच्या?"

मी म्हणलं, "उभ्या कशाच्या राहतात, कोपरानं ढकलून पुढं घुसायच्या."

"पेपरातली अक्षरं तश्शीच हायत. मी म्हणते, बायांनो, लायनीत या. एक म्हणती, मी आधीपासून हाय. दुसरी म्हणती, माझं लेकरू रडायलंय. तवर शटर बंद!"

चंद्रप्रभाबाईंच्या नाकातून चहा आला. म्हणाल्या, "अहो पारूबाई, ही पोर तुम्हाला देवानं दिली. आमच्याकडे तर हसायलासुद्धा टाइमटेबल आहे."

परीक्षेच्या दिवशीसुद्धा पोरगी एवढी खुश! बाकीच्या पोरांचे चेहरे बघवत न्हाईत. एक तर रिक्षात बसायच्या आधी भडाभडा ओकला. आमची हसत गेली. भूक मात्र तिला रविवारी लागत न्हाई, डबा तसाच परत येतो. हसून पोट भरत असंल.

१६ सप्टेंबर, रविवार

नागसेन आला होता. येताना करडईचं तेल आणलं. क्लासातून फोन गेला होता म्हणे त्याला. पोरीला समोर बसवलं, पुस्तक उघडलं, म्हणला, "वाच."

पंचीनं पुस्तक डोक्याला लावलं आणि भविष्य सांगणाऱ्यागत डोळे मिटले. "पाहुण्यांना उत्तरेकडून चिंता हाय. हदगाव बाजूची."

मला हसू फुटलं. नागसेन हसला न्हाई. "मस्करी बंद! गुरुजीची पोरगी वाचत न्हाई म्हणल्यावर मी कुणाला तोंड दाखवू? आळस हाय नुसता." पंची उठून पाणी आणायला गेली ती बराच वेळ माठापाशीच होती.

मी नागसेनला म्हणलं, पोरं तुझ्याएवढी गंभीर झाल्यावर जग कसं चालंल? त्यो जेवून गेला.

ठिपका द्यावा का न्हाई कळेना. हसले तर होते. दिला.

३० सप्टेंबर, रविवार

काल गणपती बुडवले आणि आज तीस तारीख. त्या वर्षीबी अस्संच आलं होतं. मला सकाळपासून शिवगंगा आठवायलीय.

भूकंपात आमच्या वस्तीतली छपरं हलकी, म्हणून आम्ही एका भिंतीवर निभावलो. शिवगंगाचं घर दगडमातीचं, मोठं. गावात असताना मी कधी तिच्या ओट्यावर चढले नव्हते. शेडात मात्र तिची चूल आणि माझी चूल लागूनच आली. मदतीच्या ट्रकातून कपड्यांचे ढीग आले होते, त्यात एक काळा कोट. तो लुगड्यावर चढवून शिवगंगा म्हणायची, "मी कलेक्टर. ज्यांचं घर पडलं त्यांनी हात वर करा." सगळ्यांचे हात वर. "ज्यांचं न्हाई पडलं त्यांनी घरी जा, कोट घालून फिरायला तुमचा काय हक्क?" तशा दिवसात आम्ही गडाबडा लोळायचो. महिनाभर तिनं शेड हसवलं. दोन लेकरं गेली होती तिची. सगळे म्हणायचे, शिवगंगा धीराची.

तर आज पंचीनं तिच्याही वरताण केली. परीक्षेतून अर्ध्या तासात परत! म्हणली, "सर म्हणले पेपर कोरा का? मी म्हणले, सर, झाडं वाचवायलेय. अख्खा वर्ग हसला. सर म्हणले बाहेर जा. मी म्हणले, झाडाखालीच बसू ना?" सरांचा आवाज, शिपायाचा आवाज, पोरांचं खिदळणं, सगळं एकटीनं करून दाखवलं. तीन ठिपके! जागा पुरंना, एक सोमवारात गेला.

मग तिचे हात गार लागले म्हणून तेल चोळून दिलं.

३ ऑक्टोबर

 आज घडलं ते सगळं लिहिते.

पंचीच्या शाळेत मालविका मॅडम म्हणून हायत. ज्या पोरांना वाचायला-लिहायला जड जातं त्यांच्यासाठी दर बुधवारी येतात. त्या घरी आल्या. मी लिहीतच बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवरचा कागूद बघितला. वर पंचीचं नाव, खाली माझं अक्षर.

"आजी, असे किती आहेत?"

मी हौसेनं सगळा गठ्ठा काढला. नऊ पेपर. म्हणलं, पोरगी काटकसरी हाय. मॅडमनी ते जमिनीवर ओळीनं मांडले. प्रत्येकाचा मार्कांचा कोपरा फाटलेला.  मग त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. "आणि हे निळे ठिपके?"

तेबी सांगितलं. त्यांनी माझं बोट धरलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या पानांवर वरच्या लाल आकड्यांच्या रांगेवरून फिरवलं. रविवार, रविवार, रविवार. एक सोमवारात गेलेला सोडला तर बाकी सगळं पांढरं. दोन महिने ते कॅलेंडर माझ्या डोळ्यासमोर होतं!

"आजी, तिची बुद्धी उत्तम आहे. डोळेही चांगले आहेत. पण छापलेली अक्षरं तिच्या डोक्यात जुळून यायला फार झगडावं लागतं. काही मुलांचं असतं असं. आळस नाही, वेड नाही. रविवारी तिला भीती वाटते. भीती वाटली की ती हसवते."

मी म्हणलं, मॅडम, पण ती तर खुश असती. मॅडम म्हणल्या, "तुम्ही खुश असता, आजी." रागानं न्हाई, मायेनंच म्हणल्या. चहा पिऊन गेल्या.

शिवगंगाचं मी रविवारी अर्धंच लिहिलं. दिवाळीनंतर एक दिवस तिनं कोट घडी घालून ठेवला आणि पत्र्याकडं तोंड करून बसली. कुणाशी बोलली न्हाई. आम्हीच म्हणत राहिलो, अगं हसव की. भाऊ येऊन देगलूरला घेऊन गेला. पुन्हा काही कळलं न्हाई.

४ ऑक्टोबर

सकाळी पंचीला सरळ विचारलं. म्हणलं, खोटं बोलू नको, मी मारत न्हाई.

ती कणीक मळत होती. म्हणली, "आज्जी, माणूस हसायला लागलं की वाचायला सांगायचं विसरतं."

कणकेला पाण्याचा हात लावला. मग म्हणली, "तुझं अक्षर लागत न्हाई म्हणले ना, ते खोटं. मला कुणाचंच लागत न्हाई."

"आणि मला वाचायला लावायचीस ते?"

"ऐकलं की मला समजतं. पण क्लासात कुणाला म्हणू वाचून दाखव? हसतील. मी हसवते ते येगळं, ते हसतील ते येगळं."

चौसष्ट वर्षांची मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला जवळ घेतलं तर दोघींना कणीक लागली. पंची लगेच म्हणली, "आता आपल्या दोघींच्या पोळ्या होतील." मग तिनंच तोंडावर हात ठेवला.

१४ ऑक्टोबर, रविवार

लढाई झाली आणि मी जिंकले!

मॅडम म्हणल्या होत्या की तपासणी करून कागूद मिळतो. तो मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत पंचीला लेखनिक मिळंल, म्हणजे प्रश्न वाचून दाखवायचा आणि ती तोंडानं सांगंल ते लिहायचं. वेळबी जास्त. तपासणी मुंबईच्या सरकारी दवाखान्यात, बापाची सही पाहिजे, आणि बोर्डाकडं अर्ज नोव्हेंबरच्या आत. न्हाईतर मार्चमध्ये पोरगी कोरा कागूद देऊन उठणार आणि धाव्वीतच संपणार. एवढंच काय ते होतं पणाला.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. नागसेन पांढरा सदरा घालून आला. वंदना झाली, खीर झाली, मग मी विषय काढला. त्यो एकदम उठला.

"माय, तुला कळतंय का? जन्मभराचा शिक्का बसंल. आपल्या लोकांनी शिकण्यासाठी काय काय सोसलं, आणि मी माझ्या पोरीच्या नावावर लिहून देऊ की हिला वाचता येत न्हाई?"

पंची भिंतीला टेकून उभी होती. तोंड उघडलं तिनं, गंमत करायलाच. मी म्हणलं, पंचे, तू थांब, आज मी बोलते.

"नाग्या, भूकंपानंतर साहेब लोक आले होते ते आठवतं का? तू कॉलेजात होतास. घराघरावर खडूनं खूण करत होते, कुठलं किती पडलं त्याची. तुझा बाप त्यांना भिंतीला हात लावू देत नव्हता. म्हणायचा, माझ्या घरावर खूण नको, लोक काय म्हणतील. मग मीच खडू घेतला साहेबाच्या हातातून. खूण केली तवा पत्रे मिळाले. खूण केली म्हणून भिंत पडली न्हाई रे. पडली होती म्हणून खूण केली."

नागसेन खाली बसला. मग मी ते नऊ कागूद त्याच्या पुढं ठेवले. त्यानं पहिला उचलला, वरचं नाव बघितलं आणि खाली माझं लिहिणं वाचायला लागला. मी म्हणलं, ते नको वाचू, खासगी हाय. पण त्यो वाचत राहिला. सोळा सप्टेंबरवर आला आणि चष्मा काढला.

"माठापाशी रडत होतीस का गं?"

पंची म्हणली, "न्हाई पप्पा. माठ गळत होता."

नागसेन हसला! डोळे पुसत हसला. सही केली.

९ डिसेंबर

लई दिवस लिहिलं न्हाई. मुंबईला दोनदा जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पंचीला दिवसभर तपासलं आणि कागूद दिला, आणि काल बोर्डाची मंजुरी आली. मी पेढे वाटले. लोक म्हणले, कशाचे? मी म्हणलं, नात मोठ्यानं परीक्षा देणार त्याचे.

लेखनिक नववीचा किंवा त्याच्या खालचा पाहिजे, असा नियम हाय. शोधाशोध चालली होती तर चंद्रप्रभाबाई स्वतःहून म्हणाल्या, "आमची उर्वी आहे की. अक्षर मोत्यासारखं, आणि घरात नाहीतरी तोंड उघडायला मिळत नाही."

तर आता रोज दुपारी आमच्या खोलीत बोर्ड भरतं. मी पेपर वाचते, पंची सांगती, उर्वी लिहिती. मालविका मॅडम म्हणल्या, असंच चालू ठेवा. पण काय झालं, पंचीला उत्तर आठवायचं तर आवाज काढावा लागतो. भूगोल कंडक्टरच्या आवाजात. "चला, मान्सून पुढं सरका, हदगाव, देगलूर, मागं जागा हाय!" विज्ञान मुरुडच्या बाजारातल्या बाईच्या आवाजात. उर्वी हसून हसून पेन टाकती. मी ओरडते, अगं ये, वेळ चाललाय! आणि मीच हसते. मिहिरनं काल भिंतीवर थापा मारल्या. आज बघते तर दाराशी उभा, कानातले बोळे हातात. म्हणला, "कंडक्टरवालं परत सांग ना."

ठिपके देणं मी बंद केलंय. भीतीचे ठिपके कशाला द्यायचे?

२ मार्च २०१३, शनिवार

पहिला पेपर, मराठी.

पंची सकाळी गप. चहा पिली, भाकर खाल्ली. चक्क खाल्ली. मी वाट बघत होते, आता नक्कल करंल, मग करंल. काही न्हाई.  शिवगंगाबी अशीच गप झाली होती. मी म्हणलं, पंचे, एखादी गंमत सांग की. ती म्हणली, "आज नको आज्जी. आज उत्तरं डोक्यात ओळीनं उभी हायत. हलवू नको." आणि माझा हात धरून चालायला लागली. तिचा हात ऊन होता.

शाळेच्या फाटकाबाहेर मी, चंद्रप्रभाबाई आणि रजा टाकून आलेला नागसेन. सगळी पोरं सुटली, आमच्या दोघी आत. सुपरवायझर बाई वर्गाच्या खिडकीतून दिसत होत्या, तोंडाला पदर लावून. मला वाटलं रडतात का काय.

दोघी आल्या. उर्वीची बोटं शाईनं भरलेली. पंचीनं आधी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज्जी, जागा पुरली न्हाई. दोन पुरवण्या लागल्या."

नागसेननं ते तीनदा विचारलं. किती? दोन? जोडल्या का नीट? मास्तर तो मास्तरच. मी विचारलं, बाई रडत का होत्या? उर्वी म्हणली, "रडत नव्हत्या आजी, निबंध ऐकत होत्या. हिनं गावातला बाजार सांगितला." निबंधात बाजार! सगळ्या बायांचे आवाज काढले असतील मेलीनं.

मला एकच फिकीर. आता कोरे कागूद यायचे न्हाईत. लिहू कशावर?

२ एप्रिल, मंगळवार

पेपर सगळे संपलेत. निकाल जूनात. खोली सोडायलोय, भांडी पोत्यात, पुस्तकं खोक्यात. लिहायला काही न्हाई म्हणून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि सप्टेंबरच्या पाठीवर लिहिते. निळीचे डाग इकडून पुसट दिसतात.

निकालाचं पंचीला विचारलं तर म्हणली, "पास होईन असं वाटतंय. न्हाई झाले तर परत देईन. आता बोलायचं कसं ते कळलंय."

आणि दुपारी काय केलं तिनं! खोक्यातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला, डोक्यावरून टॉवेल घेतला, ओळीखाली बोट धरलं आणि सुरू. "प्र... का... शा... चे... शुक शुक! मेली मांजर दुधात! परा... वर... तन. पंचे, नाभी म्हणजे बेंबीच ना गं? आरशाला कशाला बेंबी?" हुबेहूब मी! घसा खाकरते तसा खाकरला. बोटाला थुंकी लावते तशी लावली. वर्षभर सगळ्या जगाची नक्कल केली पोरीनं, माझी कधी केली नव्हती. चंद्रप्रभाबाई दारातच खाली बसल्या. मी हसता हसता पोत्यावर आडवी झाले. खालची पातेली वाजली.

नीळ गाठोड्यात सगळ्यात खाली गेली होती. बांधलेलं गाठोडं सोडलं. पंची म्हणली, "आज्जी, काय शोधायलीस? गाडी जाईल."

म्हणलं, जाऊ दे, दुसरी हाय.

मंगळवार. काल परीक्षा नव्हती, आज न्हाई, उद्या न्हाई. भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरवर बोट टेकलं. चांगलं दाबून टेकलं.